जेवणानंतरची तोंडी परीक्षा

आमची कन्या जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तोंडी परीक्षेचा सराव माझ्यावर करते. बँकेत जन्मभर जमाखर्च तपासलेल्या माणसाला जे पटवता येते ते परीक्षकांना सहज पटेल, असा तिचा सिद्धान्त आहे. सध्या थ्रिओनिनचा मोसम चालू आहे. हे अमिनो आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, वरणातून, दुधातून, अंड्यांतून मिळवावे लागते; प्रथिनांतल्या नेहमीच्या २० अमिनो आम्लांपैकी ते सर्वांत शेवटी, १९३५ साली, विल्यम रोझ यांना सापडले. आणखी थोडे दडून राहिले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न मी मनातच ठेवतो.

इतक्या सायासाने मिळवलेला हा ऐवज गरजेपेक्षा जास्त झाला की यकृतातले थ्रिओनिन डिहायड्रेटेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तो मोडीत काढते. या एन्झाइमच्या पोटात ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेले पायरिडॉक्सल फॉस्फेट असते आणि एन्झाइमचेच एक अमिनो आम्ल, लायसीन, त्याला बिलगून असते. थ्रिओनिन आले की लायसीन सरकते, थ्रिओनिन तिथे टेकते, आणि काम उरकताच लायसीन पुन्हा जागेवर हजर. लोकलमधल्या चौथ्या सीटचा व्यवहार असाच असतो, असे मी म्हणालो, तेव्हा “बाबा, विषय बदलू नका” अशी समज मिळाली.

मग हिशेब सुरू झाला. थ्रिओनिनमधला एक हायड्रोजन सुटतो, पाठोपाठ हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, निघतो, म्हणजे पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. उरलेला डळमळीत पदार्थ आपली मांडणी बदलतो, पाण्याचा एक रेणू पुन्हा घेतो, अमोनिया सोडतो आणि अल्फा-कीटोब्युटिरेट होतो. पाणी एक नावे, एक जमा, शिल्लक शून्य! हा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले, आणि त्याचे उत्तर मात्र मला मनापासून आवडले: नायट्रोजन थेट उपटणे अवघड असते, पण पाणी निघताना जो दुहेरी बंध तयार होतो, त्याच्यामुळे पुढे अमोनिया आपसूक सुटतो.

कीटोब्युटिरेटपासून, पेशीला ऊर्जेसाठी वापरता येणारे सक्सिनिल-कोए होईपर्यंतचा प्रवास, त्यात लागणारी बायोटिन आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे, हे सारे तिने एका दमात सांगितले आणि मी एका दमात मान डोलावली. नंतर कळले की उंदरांत थ्रिओनिन डिहायड्रोजनेज नावाचे आणखी एक एन्झाइम असते, जे थ्रिओनिनला ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या वाटेला लावते. माणसात मात्र त्याचे जनुक निकामी झालेले आहे.

“म्हणजे तो रस्ता आपल्याला बंद. मग सोडून देऊ या,” मी आशेने म्हणालो.

“तोच तर हमखास विचारतात,” ती म्हणाली, आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.