कट, डच्चू आणि नारळ

आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. एक जुना फ्रीज, घडीच्या चार खुर्च्या आणि भिंतीवर टीव्ही. कॅन्सस सिटीच्या उपनगरात, ओव्हरलँड पार्कला राहायला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेली धक्काबुक्की एवढंच मला ठाऊक होतं. खेळ कळला तो या गॅरेजमध्ये.

२० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आम्ही तिथेच होतो. ॲरोहेड स्टेडियमवर पाऊस, कॅन्सस सिटीचा संघ चीफ्स फिलाडेल्फियाविरुद्ध १७-२१ असा मागे, हातात दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पॅट्रिक महोम्सने पन्नासेक यार्ड लांब चेंडू फेकला आणि तो मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंगच्या बरोब्बर हातात आला. (एवढं नाव कोण घेणार, म्हणून सगळे एमव्हीएस म्हणतात.) झेलला असता तर टचडाऊन, म्हणजे चेंडू पलीकडच्या टोकाला नेल्याचे सहा गुण. चेंडू तळव्यांना लागून खाली पडला. आजोबांनी शिवी दिली नाही. उठले, फ्रीज उघडला आणि दार तसंच उघडं धरून उभे राहिले.

एमव्हीएस रिसीव्हर. रिसीव्हरचं काम सांगायला सोपं: पळायचं आणि फेकलेला चेंडू झेलायचा. आधीचा स्टार रिसीव्हर टायरीक हिलला मायामीला दिल्यावर २०२२ मध्ये चीफ्सनी एमव्हीएसशी तीन वर्षांचा, ३ कोटी डॉलरचा करार केला. २०२३ च्या साखळी मोसमात त्याने पास झेलले २१, यार्ड ३१५, टचडाऊन एक. पण जानेवारी २०२४ मध्ये बाल्टिमोरला, सुपर बोलच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याच्या, आधीच्या सामन्यात, शेवटी शेवटी ३२ यार्डांचा पास त्याने पडता पडता छातीशी धरला आणि सामना तिथेच संपला. सुपर बोलमध्येही त्याचा एक टचडाऊन. संघ जिंकला. विजयाच्या मिरवणुकीत गोळीबार झाला, एक बाई गेली, वीसहून अधिक जखमी झाले. गाव अजून त्यातून सावरत होतं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, बातमी आली: एमव्हीएस कट, म्हणजे संघातून काढला.

गॅरेजमध्ये दोन तट पडले. आजोबांचा जावई म्हणाला, बरं झालं, पगाराच्या मर्यादेत १ कोटी २० लाख डॉलर मोकळे झाले. इथे प्रत्येक संघाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा असते. २०२४ साठी ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, आणि बचावफळीतल्या ख्रिस जोन्सचा करार व्हायचा होता. आजोबांचं म्हणणं वेगळं. एमव्हीएस लांब पळतो तेव्हा समोरच्या संघाचा एक माणूस त्याच्यामागे ओढला जातो आणि मधे चीफ्सच्याच ट्रॅव्हिस केल्सीला रान मोकळं मिळतं. हे काम आकड्यांत येत नाही. एका टोकाने विकेट न घेता धावा रोखणारा गोलंदाज असतो ना, तसंच, असं मी त्यांना समजावायला गेलो आणि मग गोलंदाज म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला.

तासभराच्या त्या वादात एमव्हीएस माणूस कसा आहे, हा विषय एकदाही निघाला नाही. तो माजला, त्याची संगत वाईट, पैसा डोक्यात गेला, काही नाही. वाद एवढाच की हा खेळाडू या किमतीला परवडतो का.

आता आमचा घरचा ग्रुप बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पृथ्वी शॉला मुंबईच्या रणजी संघातून डच्चू मिळाला, नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा करणारा विरारचा पोरगा, १८ व्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक. ठाण्याहून दादाने रविवारी सकाळी जो निबंध पाठवला त्यात फलंदाजीविषयी एक ओळ नव्हती. वजन, पार्ट्या, 'डोक्यात हवा', 'सचिन बघा कसा राहिला'. काकांनी संस्कारांवर लिहिलं. आत्याने हात जोडल्याची इमोजी टाकली. आपल्याकडे माणसाला काढलं की आधी त्याचं चारित्र्य तपासायला घेतात. नुसतं 'सध्या जमत नाही' हे कारण आपल्याला पुरत नाही. फिटनेसचा प्रश्न खरा असेल, निवड समितीने बघावा. पण संस्कार?

मला इथली रीत पटते, आणि त्याला एक खाजगी कारण आहे. एमव्हीएसनंतर महिनाभरात माझाही नंबर लागला. मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल, दुपारी लॅपटॉप बंद. एच-१बी व्हिसावाल्याला त्यानंतर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी किंवा दुसरी काही सोय नाही तर सामान बांधा. घरी फोन केला तर आईचा पहिला प्रश्न, "तू काही बोललास का कुणाला?" आणि दादा, "तुझा स्वभाव जरा..." संध्याकाळी आजोबा चिलीचं पातेलं घेऊन दारात उभे. म्हणाले, "हिशेब असतो रे, तुझ्याबद्दल काही नाही." त्या रात्री मला शांत झोप लागली ती त्या वाक्यामुळे.

पण कोटींचा करार घेतलेल्या माणसाला हिशेब म्हणून काढणं वेगळं, आणि मुलीची शाळा अर्धवट राहील म्हणून कॅलेंडरवर दिवस खोडणाऱ्याला तसंच काढणं वेगळं. इथल्या लोकांना हा फरक दिसत नाही असं नाही, पण त्यावर कोणी वाद घालत नाही. नोकरी मला ५२ व्या दिवशी मिळाली. तोवर जुन्या टीममधल्या एकाचाही मेसेज नव्हता. कट म्हणजे कट. आपल्याकडे नारळ देतात तेव्हा निदान हातात नारळ असतो.

एमव्हीएस पुढे बफलोला गेला, तिथूनही ऑक्टोबरमध्ये सुटला, मग न्यू ऑर्लीन्सकडून खेळला. तिथे त्याने टचडाऊन केले तेव्हा मी उत्साहाने गॅरेजमध्ये सांगायला गेलो. जावयाने विचारलं, "तो अजून खेळतो?"

पृथ्वी मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रणजीत चंदीगडविरुद्ध त्याने द्विशतक ठोकलं. माझ्याकडे पहाट, बाहेर अंधार. दादाचा फोन. मला वाटलं बाबांना काही झालं.

"बघितलंस का? दोनशे! पोराने दोनशे मारले!" त्याचा आवाज चढलेला, मागे वहिनीचा कुकर. एकेक चौकार कुठून कसा गेला हे त्याने मला सांगितलं. मग जरा थांबला.

"पण वजन बघ अजून," म्हणाला.