हुकूमशहाशी आपला संबंध नाही, हे लेटरहेडवर कसं लिहावं

महापालिकेचं कॅमेऱ्यांचं टेंडर भरताय? छान. ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम भरा, डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, मुदत संपली नाही ना ते बघा, आणि मग शेजारी तपासा. सोसायटीतले नव्हेत, देशाचे.

केंद्राचा 23 जुलै 2020 चा आदेश सांगतो की भारताला जमिनीची सीमा लागलेल्या देशातला निविदाकार असेल, तर त्याने आधी डीपीआयआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाच्या, समितीकडे नोंदणी करावी. त्यासाठी परराष्ट्र खात्याची राजकीय मंजुरी लागते आणि गृह खात्याची सुरक्षा मंजुरी. घटनेच्या कलम 257(1) चा हवाला देऊन हे राज्यांनाही लावलं, तेव्हा मंत्रालयात ओळख आहे म्हणून सुटाल हा भ्रम सोडा.

पण आदेश नीट वाचा, चष्मा लावून. त्यात चीनचं नाव नाही, हुकूमशाही हा शब्द तर नाहीच. आहे ती फक्त जमिनीची सीमा. म्हणून पहिला सल्ला: हुकूमशहाशी मैत्री करायचीच असेल तर मध्ये समुद्र असलेला निवडा. तो संपादकांना तुरुंगात टाको की निवडणुकीत शंभरातली नव्वद मतं घेवो, ‘सीमेपलीकडच्यांशी आपला संबंध नाही’ असं लिहून दिलेल्या तुमच्या हमीपत्राला धक्का लागत नाही. भूतानला मात्र सीमा आहे. बरं झालं, भारताने कर्ज किंवा विकासकामासाठी मदत दिलेल्या देशांना सूट ठेवली, नाहीतर थिंपूचा माणूसही रांगेत उभा असता.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1996 मध्ये याहून अडचणीचा प्रश्न विचारला होता: तुम्ही बर्माच्या लष्करी राजवटीत धंदा करता का? करत असाल तर नाव यादीत. यादीतल्या कंपनीने 1 कोटीचा भाव दिला आणि बिनयादीतल्याने 1 कोटी 10 लाखांचा, तरी काम दुसऱ्याला. अॅपलने बर्मातून काढता पाय घेतला तो याच कायद्यामुळे. मग 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. परदेशाला किती पिळायचं हे वॉशिंग्टनने ठरवायचं, एका राज्याने नव्हे. आपल्याकडे ती भीती नाही. आपल्याला कुणी विचारतच नाही की तुमचा माल कोण विकत घेतं. विचारतात ते तुमचा मालक कोण एवढंच.

आता मालक. कंपनीत 25 टक्क्यांपेक्षा जास्त आणि भागीदारीत 15 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा म्हणजे खरा लाभधारक, आणि तो सीमेपलीकडचा असेल तर तुम्हीही सीमेपलीकडचेच. ‘पेक्षा जास्त’ या दोन शब्दांवर किती सीएंची घरं चालत असतील कोण जाणे. चीनमधल्या शेन्झेनच्या मित्राला बरोब्बर 25 टक्के द्या आणि निर्धास्त झोपा. झोप मोडते ती पुढच्या ओळीने: बहुतेक संचालक नेमायचा किंवा धोरण ठरवायचा हक्क त्याच्याकडे असेल, मग तो भागधारक करारातून का मिळालेला असेना, तर तोही लाभधारकच. तो करार ड्रॉवरमध्ये असतो, हमीपत्र लिफाफ्यात. दोन्ही एकमेकांना भेटले की काम जातं आणि वर कायदेशीर कारवाई होते.

खरी गंमत मालात आहे. सीमेपलीकडून तयार कॅमेरा घेऊन पुरवाल, तर तो विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. पण सुटे भाग आणि जुळणीचे अर्धवट संच घ्यायला परवानगी आहे, विकणाऱ्याच्या नोंदणीशिवाय. तेव्हा लेन्स वेगळी मागवा, सेन्सर बसवलेला बोर्ड वेगळा, वरचं झाकण म्हणजे घुमट वेगळा. भिवंडीच्या गोदामात चार स्क्रू पिळा. राष्ट्रनिष्ठा त्या चार स्क्रूंत आहे. फक्त पाचवा स्क्रू विसरू नका, रबरी गॅस्केट नीट बसत नाही आणि जूनच्या पहिल्याच सरीला घुमटाच्या आत वाफ धरते. मग वॉर्डातून फोन येतो की चोर दिसत नाही, धुकं दिसतं.

एवढ्यावर ‘मेक इन इंडिया’च्या खरेदी नियमातला स्थानिक पुरवठादाराचा पहिला वर्ग मिळत नाही. त्यासाठी स्थानिक मूल्य किमान 50 टक्के लागतं; 20 ते 50 मध्ये असाल तर दुसरा वर्ग. 10 कोटींच्या आतल्या कामाला स्वतःचंच प्रमाणपत्र पुरतं, त्यावरच्याला लेखापरीक्षकाचं. तेव्हा 9 कोटी 90 लाखांचं टेंडर हे फार पवित्र टेंडर असतं. मात्र एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्याला एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, आणि तिथे तुमच्या लेटरहेडचा काही उपयोग नाही. तिथे बोर्ड उघडतात.

आणि सुपूर्त करायच्या दिवशी इंजिनिअर येण्याआधी एक काम करा. पुष्कळ बोर्डांत कारखान्यातूनच वेळ जीएमटी अधिक 8, म्हणजे चीनची, लावलेली असते. भिंतीवरच्या घड्याळात 12 वाजलेले असताना तुमच्या अस्सल भारतीय कॅमेऱ्याच्या पडद्यावर 2:30 दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन अडीच तास मागे करा.