रस्त्याखाली मोरी टाकायला काय जातं?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "रस्ते हवेत की चिखलातले पक्षी, एकदाच काय ते ठरवा." खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

दोन्ही होतं हो! ओडिशात चिलिका सरोवरावर गेलो होतो, तेव्हा सातापाड्याच्या नावाड्याने मध्येच इंजिन बंद केलं, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाला, "खारा है, तो सब ठीक है." समुद्राकडचं मुख गाळाने आखडलं तेव्हा पाणी गोडं होत गेलं, पाणवनस्पती माजल्या, मासळी आटली. त्याचा धाकटा भाऊ तेव्हाच सुरतेला गेला, तो तिकडचाच झाला. 1993 मध्ये चिलिका धोक्यातल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. मग सरकारने सप्टेंबर 2000 मध्ये वाळूची पट्टी फोडून समुद्राला नवं तोंड करून दिलं. सरकारी पैसा, सरकारी इंजिनिअर. भरती आत आली, मासळी परतली आणि 2002 मध्ये नाव त्या यादीतून निघालं. हा विकास नाही?

आणि आपण? इथे नवी मुंबईत नेरूळच्या तलावात खाडीची वाट बुजली, भरतीचं पाणी येईना, शेवाळ माजलं, 2024 च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. मी काठावर उभी होते. भेगाळलेला चिखल, त्यावर हिरवट पापुद्रा. तो नावाडीच आठवला. इथे त्याने जिभेला काय लावलं असतं?

मान्य, चिलिकातही कोळंबीच्या बेकायदा घेऱ्या, म्हणजे पाण्यात बांध-जाळी घालून केलेली कुंपणं, आहेत, आणि फोडलेलं तोंड पुन्हा गाळाने भरतं, लक्ष ठेवावं लागतं. ठेवा की मग लक्ष!

खाडीत भराव घालताय ना, त्याखाली पाणी ये-जा करायला मोऱ्या टाका. आणि नुसत्या टाकू नका, तळ खाडीइतका खोल ठेवा. उंचावर बसवलेल्या मोरीतून फक्त उधाणाचं पाणी शिरतं, एरवी तिवरं तहानलेलीच. हे टेंडरमध्येच लिहा. जुन्या भरावांखालीही टाका, ज्या खात्याने वाट बुजवली त्याच्याच पैशातून.

ग्रुपवरचा तो मुलगा वाईट नाही. रोज लोकलला लटकून जातो, त्याला रस्ता हवाच. मलाही हवाय. त्या नावाड्यालाही सातापाड्याला यायला रस्ता लागतोच की.

रविवारच्या मीटिंगला मी हा विषय काढणार आहे, वॉर्ड ऑफिसला द्यायचं पत्र तयार आहे. नेरूळ-सीवूड्सची मंडळी, सह्यांना या. ग्रुपवरच्या त्या मुलालाही बोलावलंय.