हुकूमशाही भिडेवर पोसली जाते

जून महिना आला की मडगावच्या १८ जून १९४६ च्या सभेची आठवण गोवाभर निघते, आणि ती निघायलाच हवी. परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी असताना डॉ. राममनोहर लोहिया तिथे बोलायला उभे राहिले होते. मला मात्र म्हापशातील १७ फेब्रुवारी १९५४ ची घटना अधिक विचार करायला लावते. एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असे कुणीतरी म्हणाले, तेव्हा शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. एवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले.

मैदानात गर्दीचा आधार असतो. मेजवानीत शेजारी स्नेही आणि वरिष्ठ बसलेले असतात, यजमानाचा मान राखायचा असतो, आणि तिथे माणसाला भीतीपेक्षा भीड जास्त आवरते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट पोलिसांच्या जोरावर जितकी टिकली, तितकीच या भिडेवरही टिकली, असे माझे मत आहे. लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवावी लागे आणि लोक ती मुकाट्याने दाखवून आणत. लेकीचे लग्न ठरलेल्या बापाला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु अशा प्रत्येक फेरीगणिक मान खाली घालण्याची सवय घट्ट होत जाते, हेही खरे.

ती सवय १९६१ साली पोर्तुगीजांबरोबर बोटीत बसून गेली नाही. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घराला संरक्षण मिळाले, पण भाटकारापुढचा, म्हणजे जमीनमालकापुढचा, त्याचा दबका आवाज आज आपण आमदाराच्या दारात काढतो. हक्काचा दाखला ओळखीने मिळवतो आणि वर उपकार मानतो.

शील घडते ते अशाच किरकोळ प्रसंगांत. जे चुकीचे वाटते ते वेळीच, सभ्य शब्दांत आणि स्वतःच्या नावाने सांगता आले पाहिजे. (टोपणनावाने फेसबुकवर शिव्या घालणे यात बसत नाही.) जनआंदोलनामुळे २००७ साली गोव्यातील जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा सरकारला रद्द करावा लागला, तेव्हा गोवेकरांना हे साधले होते. एरवी गावचा डोंगर कापला जात असताना ग्रामसभेत आपण गप्प बसतो आणि बाहेर चहाच्या गाड्यावर तावातावाने बोलतो. पुढच्या ग्रामसभेत निदान एवढे करावे: उभे राहून आपला विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला सांगावे, आणि सचिवाने तो खरोखर लिहिला की नाही, हे पाहूनच घरी जावे.