दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: संध्याकाळचं चॅनल ७, नेटवर्क ट्यूनर आणि भिंतीवरची वायर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. ॲटिकमध्ये अँटेना आणि राउटरशेजारी एचडीहोमरनचा नेटवर्क ट्यूनर, म्हणजे अँटेनावरचं टीव्ही प्रसारण घरच्या नेटवर्कवरून संगणकाला, फोनला पुरवणारा डबा, तुम्ही आमच्याकडून बसवून घेतलात. आता दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी चॅनल ७ चे तुकडे पडतात, लॅपटॉपला ट्यूनर दिसत नाही, रात्रीचं रेकॉर्डिंग होत नाही, फिलाडेल्फियाची चॅनल्स लागत नाहीत, आम्ही जुनं मॉडेल गळ्यात मारलं, वायफायच्या जमान्यात भिंतीवरून वायर ओढली, आणि एवढं करून पुण्याहून आलेल्या आई-बाबांना एकही मराठी मालिका बघता येत नाही. फोनवरही बोलता आलं असतं, पण न्यू जर्सीतल्या एडिसन आणि इसेलिनमध्ये आपल्या बऱ्याच घरांत हीच मांडणी आहे, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

आधी चॅनल ७. ही तक्रार खरी आहे, आणि तुम्ही ‘साडेसहाच्या बातम्यांना हमखास’ असं लिहिलंत हे फार बरं झालं. आमचा माणूस दुपारी आला होता, तेव्हा ७ स्वच्छ दिसत होतं. त्याच्या नोंदीत तसे आकडेही आहेत. म्हणजे दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये घरात काहीतरी बदलतं. जून २००९ मध्ये इथली मोठी स्टेशनं पूर्ण डिजिटल झाली आणि बहुतेक यूएचएफवर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात गेली. न्यूयॉर्कची ७ आणि ११ मात्र आजही व्हीएचएफवरच, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सींवर प्रसारण करतात. त्या लहरी लांब असतात. चॅनल ७ ची लहर जवळजवळ पावणेदोन मीटरची आहे, तर यूएचएफची साधारण अर्ध्या मीटरची. शिवाय घरातल्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट व्हीएचएफला जास्त बाधतो, आणि त्यात आजकाल पहिला नंबर एलईडी दिव्यांचा लागतो. दिव्याच्या आतलं छोटं सर्किट वीज सतत चालू-बंद करत असतं. त्याला चांगला फिल्टर नसेल तर ते स्वतःच एक बारीकसा ट्रान्समीटर होऊन बसतं. तुमचा अँटेना ॲटिकमध्ये बरोबर स्वयंपाकघराच्या वर आहे, आणि आमच्या नोंदीप्रमाणे त्या छतात ओळीने एलईडी बसवलेले आहेत. संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागल्या की ते सगळे चालू होत असणार.

हे ताडून बघायला आमची गरज नाही. घरातल्या संगणकावर ब्राउझरमध्ये ट्यूनरचं पान उघडा, चॅनल ७ लावा आणि ट्यूनर स्टेटसवर या. तिथे तीन टक्केवाऱ्या दिसतील: सिग्नल स्ट्रेंग्थ, सिग्नल क्वालिटी आणि सिंबल क्वालिटी. लोक पहिलीच बघतात, पण खरं सांगणाऱ्या पुढच्या दोन असतात. सिंबल क्वालिटी कायम १०० हवी. ती १०० खाली आली की पडद्यावर तुकडे पडलेच म्हणून समजा. आता एकाने संगणकासमोर बसायचं आणि दुसऱ्याने स्वयंपाकघरातले दिवे लावायचे. गेल्या हिवाळ्यात असाच एक खेळ आम्ही एका घरात केला. स्ट्रेंग्थ जागची हलली नाही, पण बेसिनवरची एलईडी पट्टी लावल्याबरोबर क्वालिटी धाडकन खाली आली आणि पट्टी बंद करताच वर चढली. तिथे तेवढी पट्टी बदलली आणि काम झालं. तुमच्याकडे हेच निघालं तर अँटेना ॲटिकच्या दुसऱ्या टोकाला, दिव्यांपासून लांब नेऊ. त्याचे पैसे लागणार नाहीत.

अँटेना बाहेर लावला तर सगळ्यात उत्तम, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घरमालकांची असोसिएशन परवानगी देणार नाही. एफसीसीचा, म्हणजे प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचा, १९९६ पासूनचा नियम असा आहे की जी जागा केवळ तुमच्या ताब्यात आहे, उदाहरणार्थ तुमची बाल्कनी किंवा मागचं अंगण, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला असोसिएशन सहसा मनाई करू शकत नाही. टाउनहाउसचं छप्पर सामाईक असेल तर ते या नियमात बसत नाही. तुमच्या मागच्या बाल्कनीचं तोंड ईशान्येला आहे, म्हणजे थेट न्यूयॉर्ककडे. विचार करा.

दिशेवरून फिलाडेल्फियाकडे येते. एडिसनपासून मॅनहॅटनचे मनोरे ईशान्येला सुमारे २५ मैलांवर आहेत. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरोला, म्हणजे नैऋत्येला, ५० मैलांहून जास्त दूर. दोन शहरं बरोबर पाठीला पाठ लावून! जो अँटेना न्यूयॉर्ककडे रोखून धरलाय तो मागच्या बाजूचं मुद्दामच ऐकत नाही, आणि म्हणूनच न्यूयॉर्कचं चित्र इतकं स्थिर मिळतं. दोन अँटेना लावून एका वायरीत जोडून द्या, असं तुमच्या मित्रांनी सुचवलंय. आम्ही ते करत नाही. एकच सिग्नल दोन अँटेनांमधून किंचित मागेपुढे येतो, एकमेकांवर आदळतो, आणि आज नीट लागणारी चॅनल्सही बिघडतात.

नेटवर्क ट्यूनरचा खरा फायदा इथेच आहे, आणि तो लोकांना माहीत नसतो याचं मला वाईट वाटतं. दुसरा अँटेना फिलाडेल्फियाकडे करायचा, त्याला स्वतःचा दुसरा दोन ट्यूनरचा डबा द्यायचा, आणि दोन्ही डबे एकाच राउटरला लावायचे. वायरी कुठेच एकत्र येत नाहीत. जेलिफिन किंवा प्लेक्ससारखं सॉफ्टवेअर दोन्ही डब्यांची चॅनल्स एकाच यादीत दाखवतं, आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही की कुठलं चॅनल कुठल्या डब्यातून आलं. टीव्हीच्या पाठीत अँटेना खोचून हे जमत नाही. मात्र इतक्या अंतरासाठी तो दुसरा अँटेना बाहेर आणि उंचावरच हवा. ॲटिकमधून फिलाडेल्फिया लागेल असं वचन मी कुणालाही देत नाही.

वायरीबद्दल माझं मत ठाम आहे. यूट्यूब वायफायवर छान चालतं, कारण नेट मंद झालं की ते चित्राचा दर्जा उतरवतं आणि पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतं. ट्यूनर तसं करत नाही. आकाशातून जसं आलं तसंच तो संगणकाला देतो. एका फ्रिक्वेन्सीवर सेकंदाला १९ मेगाबिटच्या वर येतात आणि त्यातला मोठा वाटा एकटं एचडी चॅनल घेऊ शकतं. ते कमी करायची सोय त्याच्याकडे नाही. या डब्याला वायफाय नाही, लॅनचंच भोक आहे, आणि निदान डबा ते राउटर आणि राउटर ते रेकॉर्डिंगचा संगणक एवढा रस्ता तरी वायरीचा असावा. फोनवर किंवा स्वयंपाकघरातल्या टॅबवर वायफायने खुशाल बघा. वायर दिसते हे खरं आहे. कोपऱ्यातून नेऊन भिंतीच्या रंगाची पट्टी वर बसवता येते. नाहीतर घरातली केबल टीव्हीची जुनी कोॲक्स वायर वापरून मोकाच्या, म्हणजे त्याच वायरीतून नेटवर्क नेणाऱ्या, अडॅप्टरने काम भागवता येतं.

लॅपटॉप ऑफिसचा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. त्यावर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तो घरात असूनही घरच्या नेटवर्कवर नसतो, मग त्याला ट्यूनर दिसणार कसा? व्हीपीएन बंद करून बघा. तरी दिसला नाही, तर विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं आहे का ते तपासा. असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. ऑफिसने सेटिंग्ज बंद करून ठेवली असतील तर त्या लॅपटॉपचा नाद सोडा आणि घरचा वापरा. आणखी एक, गेल्या महिन्यात तुम्ही नवीन मेश वायफाय (घरभर वायफाय पोचवणारे दोन-तीन डबे) घेतलंत. ते जुन्या राउटरच्या मागे दुसरा राउटर बनून बसलं असेल, तर ट्यूनर एका नेटवर्कवर आणि संगणक दुसऱ्यावर, असं होतं. ट्यूनरची वायर मेशच्या मुख्य डब्यात लावली की प्रश्न मिटतो.

रेकॉर्डिंग ट्यूनर करत नाही, तुमचा संगणक करतो. तो रात्री झोपला की रेकॉर्डिंग बुडालं. स्लीप बंद ठेवा किंवा पॉवरच्या सेटिंगमध्ये वेक टायमर्स, म्हणजे ठरल्या वेळी संगणकाला जागं करायची सोय, चालू करा. एचडीचा एक तास साधारण ५ ते ७ जीबी खातो, तेव्हा डिस्कवर जागाही बघा.

जुन्या मॉडेलचं म्हणाल तर महागडं ‘४के’ मॉडेलही आमच्या काउंटरवरच होतं, आणि ते विकलं असतं तर मला दोन पैसे जास्त मिळाले असते. त्यातल्या चार ट्यूनरपैकी दोन एटीएससी ३.० हे नवीन प्रसारण पकडतात, एवढाच काय तो फरक. पण देशभरातली बरीच स्टेशनं ते प्रसारण कुलूपबंद करून पाठवतात, आणि हा डबा ते कुलूप उघडू शकत नाही. चॅनल यादीत दिसतं, पण लागत नाही. ज्या गोष्टीचा तुम्हाला आज उपयोग नाही तिचे पैसे मी तुमच्याकडून घ्यायचे नव्हते, आणि हे मॉडेल सुचवलं याचा मला जराही खेद नाही.

आई-बाबांच्या मालिकांचं मात्र मनाला लागलं. इथली स्टेशनं जे प्रसारित करतात तेवढंच अँटेना पकडतो. मराठी चॅनल्स त्यात नाहीत, क्रिकेटची वाहिनीही नाही. आमच्या कोटेशनवर हे मराठीत लिहिलेलं असतं, कारण सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील दिवसभर घरात असतात आणि ही चौकशी प्रत्येक घरातून होते. मालिकांसाठी ॲपची वेगळी वर्गणी घ्यावी लागेल. कुठली घ्यायची आणि टीव्हीवर कशी लावायची हे मी त्यांना स्वतः दाखवेन, रिमोट त्यांच्या हातात देऊन.

येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी स्वतः येते, घरातले सगळे दिवे लागलेले असताना. शिडी आमचीच आणू. ॲटिकच्या झडपेखाली सामान असेल तर तेवढं बाजूला करून ठेवा, आणि मेश वायफायचा पासवर्ड हाताशी असू द्या.