अनामित महोदय, छापा-काटा नव्हे, नळी आणि बूच

सक्रिय ज्वालामुखीतून सुटणाऱ्या वायूंवरून उद्रेकाची चाहूल कशी लागते, या मागच्या लेखावर ‘अनामित’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. खाली जाऊन शोधायला नको म्हणून इथेच देतो: “सोड्याच्या बाटलीचं उदाहरण आठवीच्या पुस्तकातलं आहे. एकदा म्हणता सल्फर डायऑक्साइड वाढला की धोका, पुढच्याच परिच्छेदात म्हणता तो घटला की धोका. म्हणजे छापा आला तरी तुम्ही जिंकलात, काटा आला तरी तुम्हीच. पिनातुबो जुलैत नाही, जूनमध्ये फुटला. दख्खनबद्दल एक ओळ नाही. चार पानं गूगल करून कुणी ज्वालामुखीतज्ज्ञ होत नाही.”

चूक आधी कबूल करतो. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा मुख्य उद्रेक १५ जून १९९१ चा. लेखात जुलै पडलं होतं, ते दुरुस्त केलंय. आभार. हे सांगायला ‘जुलै नाही, जून’ एवढं पुरलं असतं, पण असो. गूगलचं म्हणाल तर अग्निजन्य खडक हा विषय मी २२ वर्षं वर्गात शिकवतोय. हे एरवी सांगितलं नसतं. तुम्ही सांगायला लावलंत.

आठवीच्या पुस्तकात छापली म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. दाब उतरला की विरघळलेला वायू बाहेर पडतो, हे बाटलीत जितकं खरं तितकंच पाच किलोमीटर खोलीवर. बाटलीचं उदाहरण लंगडं पडतं ते दुसरीकडेच, आणि तिकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. बाटलीत वायू एकच असतो. मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधक, क्लोरीन, फ्लोरीन असे बरेच असतात आणि प्रत्येकाची सुटायची खोली निराळी. हजार वातावरणांच्या दाबाखाली बेसाल्टच्या रसात वजनानं साधारण ३ टक्के पाणी मावतं, कार्बन डायऑक्साइड मात्र जेमतेम ०.०५ टक्के. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड खूप खालीच बुडबुडे धरतो. गंधक वर आल्यावर सुटतं. पाण्याचा मोठा हिस्सा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये निघतो.

आता तुमचं छापा-काटा. एवढ्या ठसक्यात लिहिलंय, तर उत्तरही सविस्तर घ्या.

पिनातुबोचेच आकडे पाहू. १३ मे १९९१ ला सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे ५०० टन होता. २८ मे रोजी तो ५,००० टनांच्या वर गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो ३०० टनांच्याही खाली उतरला. तुमच्या हिशेबानं इथे लोकांना घरी परत पाठवायला हवं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ५ जूनला धोक्याची पातळी ३ वर नेली, म्हणजे दोन आठवड्यांत मोठा उद्रेक शक्य. ७ जूनला डोंगराच्या कुशीत लाव्हाचा घुमट दिसला, पातळी ४ झाली. पुढे आठवडाभरात काय झालं ते तारखेसकट तुम्हीच सांगितलंत.

वायू घटला कसा? बुडबुडा मॅग्मातून आपणहून किती चढतो ते आधी बघा. बेसाल्टची श्यानता (दाटपणा) १०० पास्कल-सेकंद धरा, म्हणजे मधाच्या साधारण दहापट. त्यात १ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा दिवसाला सव्वा मीटर चढतो. व्यास १ सेंटिमीटर केला की वेग शंभरपट होतो, दिवसाला सव्वाशे मीटरच्या आसपास. म्हणून इटलीतल्या स्ट्राँबोली ज्वालामुखीसारख्या ठिकाणी बुडबुडे मॅग्माला मागे टाकून वर येतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि दर दहा-वीस मिनिटांनी तोंडाशी फुटतात. तेच गणित डेसाइटला, म्हणजे पिनातुबोतल्यासारख्या जास्त सिलिकाच्या घट्ट मॅग्माला, लावा. श्यानता दहा लाख घेतली, तर तोच सेंटिमीटरचा बुडबुडा दिवसाला सव्वा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे अडकलाच म्हणायचा.

मग डेसाइटातून वायू सुटतो तरी कसा? बुडबुडे एकमेकांना भिडून त्यांच्या सलग वाटा तयार होतात, मॅग्मा ज्या नळीतून वर येतो तिच्या कडेला त्याला तडे जातात, आणि त्यांतून तो झिरपतो. ही वाट टिकते तोवर डोंगर धुमसत बसतो. ती बुजायला कारणं बरीच. पाणी निघून गेलं की उरलेल्या रसाचा गोठणबिंदू वर सरकतो. तापमान तेच असतं, तरी त्यात बारीक स्फटिक धरू लागतात आणि नळीच्या वरच्या टोकाला घट्ट बूच बसतं. त्याच्या भेगांत सिलिका आणि गंधक साचतं. वर मोजणाऱ्याला वायू कमी दिसतो, खाली दाब चढत असतो. बूच सरकलं, दाब एकदम उतरला की उरलेलं पाणी एका झटक्यात सुटतं. फेसात वायूचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास गेला की मॅग्माच्या चिंध्या होतात. प्युमिसचा, म्हणजे या गोठलेल्या फेसाचा, दगड हातात घेऊन भिंगाखाली धरा: काचेचे केसाएवढे पापुद्रे आणि मध्ये नुसती पोकळी. पाण्यावर तरंगतो तो त्यामुळेच.

कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीच्या उद्रेकात १४ जानेवारी १९९३ ला नऊ जण मृत्युमुखी पडले, त्यांत सहा शास्त्रज्ञ होते. त्या आधीच्या दिवसांत वायू कमीच होता. हा काटा पडला होता असं म्हणायचं का?

घट दिसली म्हणजे संकटच, असं मी लिहिलेलं नाही. परत वाचा. खालचा मॅग्मा खरोखरच निवला असेल तरी वायू घटतो. भूजल वाटेत असेल तर सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळून गायब होतो आणि डोंगर शांत वाटतो. म्हणून एकट्या गंधकावर कुणी विसंबत नाही. विवराच्या काठावर पेटी ठेवतात. एक छोटा पंप हवा ओढतो, कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजला जातो, गंधकाच्या वायूंसाठी वेगळे संवेदक असतात. त्या दोन वायूंचं गुणोत्तर बघायचं. खोलवरून ताजा मॅग्मा आला तर कार्बनचं पारडं जड होतं, कारण तो खालीच सुटलेला असतो. स्ट्राँबोलीवर १५ मार्च २००७ च्या मोठ्या स्फोटाआधी हे गुणोत्तर नेहमीपेक्षा स्पष्टपणे चढलेलं होतं. जमिनीचा फुगवटा आणि भूकंप यांच्याशी ताळा जुळला, तरच घटीला अर्थ येतो. नियम एकच आहे: वायूची वाट उघडी आहे की बंद. नाण्याला दोन बाजू आहेत म्हणून नाणं खोटं होत नाही.

दख्खनचं म्हणाल तर लेखाच्या शीर्षकातच ‘सक्रिय’ हा शब्द होता. दख्खनचा लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षं झाली. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात थराच्या माथ्याशी जी भोकं दिसतात, ती सुटता सुटता अडकलेल्या वायूचीच. पुढे त्यांत झिओलाइटसारखी खनिजं आणि गारगोट्या भरल्या. तूर्त यापेक्षा जास्त नाही.

आणि लेखाची खरी कच्ची बाजू तुम्हाला सापडलीच नाही, तीही मीच सांगतो. हे सगळे टनांचे आकडे वाऱ्यावर उभे आहेत. धुराच्या पट्ट्याखालून गाडी किंवा विमान नेतात, वर रोखलेल्या यंत्रानं अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजतात, पट्ट्याच्या आडव्या छेदातलं एकूण वायूचं प्रमाण काढतात आणि त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणतात. तो वेग धुराच्या उंचीवरचा हवा. हाताशी असतो तो बहुधा खालच्या केंद्रातला. खाली सेकंदाला ५ मीटर असताना वर ८ असेल, तर खरे १,६०० टन तुम्ही १,००० म्हणून लिहिता. मी आकडे दिले, ही मेख सांगितली नाही. यावर कुणी दोन कडक ओळी लिहिल्या असत्या तर मान खाली घातली असती. प्रतिक्रियेच्या चौकटीत नाव लिहायला जागा असते, तेवढं पुढच्या वेळी बघा.