सटवाईचा कोरा कागद आणि १६६२ चा कायदा

गुलामगिरीतून निसटलेल्यांची आत्मकथने आणि निरनिराळ्या समाजांतील बाळंतपणाच्या चालीरीती, अशा दोन प्रकारच्या पुस्तकांची ओळख आपण एकाच लेखात करून दिलीत, याचा आनंद वाटला. मात्र हे विषय एकमेकांत किती गुंतलेले आहेत, ते लेखात यायला हवे होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला आणि गुलाम स्त्रीचे बाळ जन्मतःच गुलाम झाले. गुलामगिरीतून निसटून पुढे आत्मकथन लिहिणाऱ्या हॅरिएट जेकब्स १८३५ पासून जवळजवळ सात वर्षे आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभेही राहता येणार नाही अशा जागेत लपून होत्या आणि भिंतीला पाडलेल्या भोकांतून स्वतःची मुले पाहत होत्या. हे वाचताना माझ्यासारख्या आईला पुस्तक मिटून ठेवावे लागते.

आमच्या साताऱ्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, शेक-शेगडी होते आणि पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहील म्हणून कोरा कागद ठेवतात. तो कागद गुलाम आईच्या बाळासाठी कायद्याने आधीच भरून ठेवला होता.

आणखी एक. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करणाऱ्या जोतीरावांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे नायगाव, दोन्ही आमच्याच जिल्ह्यातली. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे म्हणून त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. पुढील लेखात त्याविषयी अवश्य लिहावे.